लाल चांदणीचा रकाना

कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर मी सत्तावीस वर्षं बसले. सुरुवातीची दहा-बारा वर्षं पेनानं लिहिलं, पुढची कॉम्प्युटरवर. आता कुणी विचारलं की "क्लार्क होते" एवढं सांगून मी मोकळी होते. लोक पुढं काही विचारत नाहीत आणि मलाही सांगायचा कंटाळा येतो. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली आहे, तेवढी सांगते.

मी लागले तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. खिडकीला लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढं भोक आणि भोकासमोर दाराच्या पायरीपर्यंत रांग. नाव, गाव, वय आणि काय होतंय, एवढंच विचारायचं. वय विचारलं की हमखास घोडं अडायचं. "लिवा की चाळीस." "अहो मामा, मागच्या वर्षी पण चाळीसच लिहिलं होतं." "मग आता बदलायला काय झालंय?" रांगेत हशा व्हायचा आणि मी चाळीस लिहून टाकायची. त्या वयावर कुणाचं काही अडत नाही असं तेव्हा वाटायचं.

केसपेपर दवाखान्यातच राहायचे. मागच्या बाजूला एक लांबट खोली होती, तिथं वर्षवार गठ्ठे लाल फडक्यात बांधून ठेवलेले असायचे. डांबरगोळ्यांचा वास, धूळ आणि एकच ट्यूबलाइट. जुना केसपेपर शोधायचा तर अर्धा तास जायचा, आणि खिडकीवर तोवर बोंबाबोंब. त्यामुळं "जुना सापडत नाही, नवा काढा" हे वाक्य मी दिवसातून वीसदा तरी म्हणत असेन. एकाच माणसाचे पाच-पाच केसपेपर त्या खोलीत पडलेले असायचे आणि त्या पाचांची एकमेकांशी कधी गाठ पडायची नाही.

एक चांगली सवय होती, ती बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंची. एखाद्या बाईला इंजेक्शनची रिअॅक्शन आली की त्या स्वतः खिडकीपाशी यायच्या आणि मला केसपेपरच्या कव्हरवर लाल पेनानं लिहायला लावायच्या. "पेनिसिलीन नको", किंवा जे काही असेल ते. मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा. मी लिहायची, त्या उभ्या राहून बघायच्या आणि मग जायच्या. पुढं तो केसपेपर गठ्ठ्यात जायचा.

दोन हजार सालानंतर कॉम्प्युटर आले. विमावाल्यांच्या यादीत दवाखान्याचं नाव जायचं असेल तर सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर पाहिजेत, असं वरून आलं होतं. पुण्याहून एक टाय लावलेला माणूस आला. त्यानं आम्हाला सभागृहात बसवून पडद्यावर चित्रं दाखवली. नोंद पूर्ण असेल तर डॉक्टरला पेशंटची सगळी माहिती समोर दिसणार, चुका टळणार, पेशंटची काळजी सुधारणार, असं तो म्हणाला. खोटं सांगत नव्हता तो. मी आजही म्हणेन की त्याचं म्हणणं बरोबर होतं.

ज्या रकान्यापुढं लाल चांदणी, तो भरल्याशिवाय पडदा पुढं सरकायचा नाही. नाव, वय, पत्ता यांना चांदणी होती, आणि अ‍ॅलर्जीलाही होती. त्या रकान्यात दोनच पर्याय, होय किंवा नाही. पहिला आठवडा मी इमानेइतबारे विचारलं.

"अ‍ॅलर्जी हाय का म्हंजे काय वो?"

"एखादं औषध बाधतं का तुम्हाला?"

"औषध न्हाय, वांगं बाधतंय."

"इंजेक्शन कधी बाधलंय का?"

"दुखतंय की लई! परवाच्याला तर हात वर हुईना."

एकेका माणसाला पाच-पाच मिनिटं जायला लागली. रांग पायरी उतरून फाटकापर्यंत गेली. मागून ओरडा सुरू झाला, "ओ बाई, कॉम्प्युटर आलाय न्हवं? मग आता तरी बिगी बिगी करा की!" दुसऱ्या आठवड्यात मी हात टेकले. मी विचारायचं सोडलं आणि सरळ "नाही" दाबायला लागले. तिसऱ्या आठवड्यात तर बोट आपोआप त्या बटणावर जायचं, डोळे पुढच्या माणसाकडं असायचे. चाळीस सेकंदांत एक माणूस मोकळा.

वर्षअखेरीला मोठ्या साहेबांनी सगळ्यांना जमवलं. आपल्या नोंदींत एकही रकाना रिकामा नाही, असं त्यांनी कागद वाचून सांगितलं आणि माझ्या हातात शाल-नारळ दिला. टाळ्या वाजल्या. मला फार आनंद झाला होता, हे लपवायचं कशाला? घरी जाताना मी पेढे घेतले. शेजारणीला शाल दाखवली.

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. गरोदर बायकांच्या तपासणीचा वार होता, म्हणजे रांग दुप्पट. एक सासू खिडकीशी आली. गगनबावड्याकडच्या एका खेड्यातली. तिकडं पावसात चार-चार महिने कपडे वाळत नाहीत, चुलीवर दोरी बांधून वाळवतात, म्हणून तिच्या लुगड्याला धुराचा वास येत होता. सून मागं बाकावर बसली होती. सातवा महिना, ताप, थंडीनं कुडकुडत होती, तोंडावर पदर घेतलेला. मी तिच्याकडं एकदा बघितलं तेवढंच.

"पेशंटचं नाव?" सासूनं सांगितलं.

"आधी कधी आला होता का इथं?"

"न्हाय बा. आमच्या घरातलं कोणच आलं न्हाय हितं."

ती खरंच बोलत होती. मी नाव टाकून शोधलं, जुनी नोंद निघाली नाही, मग गाव टाकलं, लाल चांदणीच्या रकान्यात "नाही" दाबलं आणि म्हटलं, "पुढं जावा, डाव्या हाताला." चाळीस सेकंद.

लघवीच्या जागी जंतू झाले होते. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहिलं, पेनिसिलीनच्या जातीतलं. वॉर्डातल्या सिस्टरनं पडदा बघितला, तिथं अ‍ॅलर्जी "नाही". तरी तिनं नियमाप्रमाणं हातावर टेस्ट डोस दिला, थांबली. काही झालं नाही. टेस्ट डोस दर वेळी इशारा देतोच असं नाही, हे मला नंतर कळलं. तिनं पूर्ण इंजेक्शन दिलं. भर दुपारी मला खिडकीवर धावपळ ऐकू आली, ऑक्सिजनचं नळकांडं फरशीवर घासल्याचा आवाज आला. असे आवाज रोजचेच, मी मान वर केली नाही. बाई वाचली. संध्याकाळपर्यंत तिच्या पोटातल्या बाळाचे ठोके थांबले होते.

दुसऱ्या दिवशी ती सिस्टर माझ्याकडं आली. रडून तिचे डोळे सुजले होते. म्हणाली, "बाई, सासू चहाला खाली गेल्यावर सून मला काय म्हणाली माहीत आहे? मागल्या टायमालाबी इंजेक्शननं असंच झालतं, म्हणाली. आणि इथंच झालतं."

मी म्हटलं, शक्य नाही, मी स्वतः शोधलंय, या नावाचं कुणीच नाही.

"या नावाचं कसं असेल?" सिस्टर म्हणाली. "पहिलं बाळंतपण माहेरी झालंय तिचं."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिलटकरीण माहेरी जाते. तिला दवाखान्यात आणतो तिचा बाप नाहीतर भाऊ, आणि ते तिला माहेरच्या नावानं हाक मारतात, तेच नाव खिडकीवर सांगतात. आमच्याकडं लग्नात आडनावाबरोबर मुलीचं पाळण्यातलं नावही बदलतात. हिचं माहेर कोडोलीत. तिथलं नाव एका फुलाचं, सासरचं एका नदीचं. बापाचं नाव गेलेलं, त्या जागी नवऱ्याचं आलेलं, गावही बदललेलं. कागदावर त्या दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता.

मी किल्ली घेऊन मागच्या खोलीत गेले. कॉम्प्युटर यायच्या आधीचे गठ्ठे अजून तिथंच होते, ते कुणी चढवलेच नव्हते. सिस्टरनं माहेरचं नाव विचारून चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. सव्वा तास लागला. केसपेपर सापडला, आणि कव्हरवर मोठ्या लाल अक्षरात "पेनिसिलीन नको", खाली दोन रेघा. अक्षर माझंच. मी त्या गठ्ठ्यावर तशीच खाली बसले. माझ्या हाताचा मला इतका राग आला की काय सांगू. याच हातानं ते लिहिलं होतं आणि याच हातानं "नाही" दाबलं होतं.

तिनं स्वतः का नाही सांगितलं, हेही सिस्टरनं विचारून घेतलं होतं. तिच्या आईनं बजावलं होतं, सासरी या गोष्टीचं नाव काढू नको, दुखणेकरी पोरगी गळ्यात मारली म्हणतील. म्हणून ती घरी गप्प राहिली. दवाखान्यात आली तर खिडकीवर सासू बोलली, डॉक्टरांपुढं सासू बोलली. तिला थेट कुणीच विचारलं नाही.

मी केसपेपर घेऊन मोठ्या साहेबांकडं गेले. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि माझ्याकडं सरकवला. "जुना रेकॉर्ड सिस्टीममध्ये नव्हता. तुम्ही काय करणार?" मी म्हटलं, साहेब, मी विचारलं नव्हतं. "हे बघा," ते म्हणाले, "आपल्याकडून बाई वाचली आहे. उगीच नसता व्याप वाढवू नका." घरच्यांना सांगितलं गेलं की ताप बाळाला सोसला नाही, गरोदरपणात असं होतं कधीकधी. चौथ्या दिवशी तिला घरी सोडलं. खिडकीतून मला ती फाटकाकडं जाताना दिसली, सासू पुढं, ती मागं. मी गप्प बसले. मला नोकरीची भीती वाटली, दुसरं काही कारण नव्हतं.

गप्प बसून माणूस सुटत नाही, उलट चिडचिडा होतो. मी घरी पोरांवर वसावसा ओरडायला लागले. शेवटी पुण्याच्या त्या टायवाल्याला मी फोन लावला. म्हटलं, त्या रकान्यात तिसरा पर्याय घाला, "विचारलं नाही" असा. आणि बायकांसाठी एक जादा रकाना द्या, माहेरच्या नावाचा. तो म्हणाला, या व्हर्जनमध्ये नाही. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "विचारलं नाही असं लिहिलंत तर रिपोर्टात ते अपूर्ण दिसेल." म्हणजे खोटं लिहिलेलं पूर्ण आणि खरं लिहिलेलं अपूर्ण. मी आणखी वाद घातला नाही, जीवच राहिला नव्हता वाद घालायला.

माझं मीच काहीतरी जमवलं. वजनकाटा वॉर्डातून उचलून माझ्या खिडकीमागं आणला आणि त्याला हिरवा पडदा लावला. बाई आली की म्हणायचं, "आत या, वजन करायचंय." सोबतचं माणूस यायला लागलं की, "काट्यावर एकच माणूस." पडद्याच्या आत गेल्यावर मग विचारायचं. इंजेक्शन दिल्यावर कधी चक्कर आली होती का, अंगावर गांधी उठल्या होत्या का, श्वास कोंडला होता का? पहिलं बाळंतपण कुठं झालं? तुझं माहेरचं नाव काय? ते नाव मी पत्त्यामधल्या "जवळची खूण" या रकान्यात टाकायची. देऊळ, तालीम, दूध संस्था लिहायच्या जागी बायकांची जुनी नावं.

रांगेला काय, विषय मिळाला. "म्हायेरचं नाव कशाला पायजे वो बाई, सोयरीक जमवायची हाय काय?" मी म्हणायची, "तुमची जमत असेल तर सांगा, बघते." साहेब दोनदा येऊन बोलून गेले की काम मंदावलंय. पुढच्या वर्षी शाल दुसऱ्या खिडकीवाल्याला गेली. पण पडद्यामागं बायका बोलायच्या. ज्या गोष्टी नवऱ्याला ठाऊक नसायच्या त्या माझ्यापुढं काट्यावर उभ्या राहून सांगायच्या. आणि एकदा मी "होय" दाबलं की दवाखान्यातल्या प्रत्येक पडद्यावर तिच्या नावावर लाल पट्टी यायची. वॉर्डात, ऑपरेशनच्या खोलीत, औषधांच्या खिडकीवर. माझ्या लाल पेनाला जे कधी जमलं नसतं ते त्या पट्टीला जमायचं. सिस्टर फोन करून सांगायच्या, बाई, आज पट्टीमुळं थांबलो. दोष यंत्राचा नव्हताच. ते बिचारं दर वेळी विचारत होतं आणि त्याला उत्तर देताना मी पाट्या टाकत होते.

त्या पावसाळ्यानंतर सहा-सात महिन्यांनी ती सून पुन्हा आली. सासूनं खिडकीवर नाव सांगितलं तशी पडद्यावर जुनी नोंद उघडली, आणि माझं बोट तिथंच थांबलं.

"आता काय होतंय?"

"अशक्तपणा हाय. खात न्हाय, पित न्हाय, बसल्या जागी रडतीया." सासू जाळीला तोंड लावून बोलत होती. "खालच्या आडातनं घागरी आणत हुती बघा पोटुशी असताना. नगं नगं म्हनलं तरी ऐकलं न्हाय. घालवलं पोरगं हातानं."

सून मागं उभी होती, खाली मान घालून. मी म्हटलं, "आत पाठवा, वजन करायचंय."

ती काट्यावर चढली. हलकी झाली होती फार. मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले, सगळं मला माहीत असूनही विचारले. ती एकेका प्रश्नाला सावकाश "व्हय" म्हणत गेली. मग म्हणाली, "बाई, एक इचारू? मी त्या दिवशी सांगितलं असतं तर माझं बाळ राहिलं असतं न्हवं?"

मी काट्यावरचं वजन लिहून घेतलं.

"घरात म्हणत्यात घागरीनं गेलं. मला म्हाईत हाय, इंजेक्शननं गेलं. मी गप बसले म्हणून गेलं. मीच घालवलं."

ती दोन दोष एकटीच वाहत होती, एक घरच्यांनी दिलेला आणि एक स्वतः घेतलेला. मी म्हटलं, "नाही बाळ. तुला कुणी विचारलंच नाही. विचारायचं काम माझं होतं. मी न विचारताच लिहिलं. आणि तुझा जुना कागद पण इथंच होता, माझ्याच अक्षरात."

मला वाटलं आता ओरडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती काट्यावरून खाली उतरली आणि म्हणाली, "मग तसं लिवून द्या."

"कुठं?"

"कागदावर. मी तोंडानं सांगून त्यास्नी पटणार न्हाय."

कॉम्प्युटरमध्ये त्याला रकाना नव्हता. मी दवाखान्याचं नाव छापलेला कोरा कागद घेतला आणि पेनानं लिहिलं. या पेशंटला पूर्वी याच दवाखान्यात पेनिसिलीनची रिअॅक्शन आली होती. ती नोंद आमच्याकडे होती. दाखल करताना तिला काहीही न विचारता मी "नाही" अशी नोंद केली. त्या इंजेक्शनमुळे बाळ गेले. घागरी उचलल्याने नाही. यात तिची काही चूक नाही. खाली सही केली आणि पूर्ण नाव लिहिलं. ती सातवीपर्यंत शिकलेली होती. ओठ हलवत तिनं सगळं वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि पडदा सारून बाहेर गेली.

मी परत खुर्चीवर येऊन बसले. मनात म्हटलं, घरी नेईल, नवऱ्याला दाखवेल, दोन दिवसांनी कुणीतरी येईल आणि मग साहेब मला बोलावतील. तेवढे दोन दिवस मी धरून चालले होते. पण तिनं तिथंच, रांगेत, तो कागद सासूच्या हातात दिला.

सासूनं तो उलटा धरला, सुलटा धरला. तिला वाचता येत नव्हतं. ती पुढच्या माणसाला बाजूला सारत खिडकीशी आली आणि जाळीच्या भोकातून कागद माझ्यासमोर सरकवला.

"काय लिवलंय ह्यात? हिला इचारलं तर म्हणतीया बाईंनाच इचारा. वाचून दावा."

मागं तीस-चाळीस माणसं उभी होती. सून तिच्या पाठीशी उभी होती आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं मान वर केली होती. मी चष्मा लावला आणि पुटपुटत पहिली ओळ वाचली.

"मोठ्यानं वाचा की बाई," सासू म्हणाली, "मला कमी ऐकू येतंय."

मी मोठ्यानं वाचलं.